अर्धी भादरलेली घोडी

आई आणि बाबा एकमेकांशी बोलायचे थांबले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि एव्हाना दोघांचाही त्यात चांगला हात बसला होता. बाबा वरच्या खोलीतून म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, चहात साखर नाही." आई खाली स्वयंपाकघरात ते स्वतःच्या कानांनी ऐकायची, आणि मी निरोप घेऊन गेले की म्हणायची, "तुझ्या बाबांना सांग, साखर बशीत ठेवली आहे." गुडघे बाबांचे दुखायचे आणि जिना मी चढायचे. घरातली थोरली मी. धाकटा भाऊ लग्न करून दुसऱ्या गावी सुटला, मला घोड्यांनी धरून ठेवलं.

अबोल्याचं कारणही घोडीच होती. आमची पागा आहे. लोक घोड्यावर बसायला शिकायला येतात, काहींचे स्वतःचे घोडे आमच्याकडे राहतात, काही घोडे आमचे. त्यातली म्हातारी घोडी आईची लाडकी होती. ती वाऱ्यावर पोसणाऱ्यांपैकी. दुसऱ्या घोड्याची हाडं वर येतील एवढ्याशा वैरणीवर तिचं पोट सुटायचं. अशा घोड्यांच्या अंगावर चरबी चढली की त्यांच्या खुरांचा दाह होतो. खूर तापतात, आतून सुजतात, आणि बाहेरून कडक असल्यामुळे सुजेला जायला जागा नसते. घोडं उभं राहू शकत नाही, आणि उभं राहू न शकणारं घोडं फार दिवस जगत नाही. म्हातारीचं तेच झालं. डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं आणि शेवटी आमच्याच अंगणात तिला शेवटचं इंजेक्शन दिलं.

डॉक्टर सुई बाजूला ठेवत होते तेव्हा बाबा आईला म्हणाले, "तू मारलीस हिला. खाऊ घालून घालून मारलीस."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडलेलं आपण रागावर ढकलतो आणि विसरतो. बाबा हे वाक्य बाजारभाव सांगावा तशा आवाजात म्हणाले. आईने हात पुसले, आत गेली, आणि त्या दिवसापासून तिने पागेत पाऊल टाकलं नाही. बाबा वर गेले आणि खाली आले नाहीत. विचारलं की गुडघ्यांचं नाव सांगायचे. याच गुडघ्यांनी ते आदल्या दिवसापर्यंत पागेच्या फेऱ्या मारत होते, पण हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. मला जेवण त्याच घरात मिळतं.

म्हातारीच्या मागे तिची पोर राहिली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून ठिपकी. वय तीन, म्हणजे घोड्यांच्या हिशेबात ऐन अडनिडं. अंगाने थेट म्हातारीवर गेलेली: आखूड मान, खोल पोट आणि कधीही न भागणारी भूक. घरात कुणी काही न बोलता एक गोष्ट ठरून गेली होती, की हिला काही होता कामा नये. हिला काही झालं असतं तर बाबा जे म्हणाले ते खरं ठरलं असतं, आणि आईला उरलेलं आयुष्य त्या वाक्याबरोबर काढावं लागलं असतं.

हिवाळा लागला आणि ठिपकीच्या अंगावर बोटभर केस आले. मी तिला नुकतीच कामाला लावली होती. लांब दोरीवर गोल फिरवायचं, पाठीवर खोगीर ठेवायचं, कधीतरी हलकंसं माणूस बसवायचं. तेवढ्यानेही तिला घाम फुटायचा, आणि त्या केसांत तो संध्याकाळपर्यंत वाळायचा नाही. ओल्या अंगाने घोडं थंडीत उभं राहिलं की आजारी पडणार हे ठरलेलं. तेव्हा भादरणं आलं.

भादरणं हे खरं बाबांचं काम. आजूबाजूचे लोक मुद्दाम आपले घोडे त्यांच्याकडे घेऊन यायचे. मशीन फिरवलं की घोड्याच्या अंगावर रेघा उरतात; बाबांनी भादरलेल्या घोड्यावर एखादी रेघ शोधून दाखवावी. अलीकडे त्यांनी ते सोडून दिलं आणि काम माझ्याकडे आलं. माझ्या घोड्यांवर रेघा असतात. कुणी विचारलं तर मी त्याला नक्षी म्हणते.

कोवळ्या घोड्याला पहिल्यांदा भादरायचं तर आधी बरेच दिवस त्याची मनधरणी करावी लागते. सुरुवातीला नुसता आवाज ऐकवायचा. मी मशीन पागेच्या खिडकीत चालू करून ठेवायचे आणि ठिपकीपुढे चंदी ठेवायचे, म्हणजे तिचा रोजचा दाण्यांचा खुराक. पहिल्या दिवशी ती भिंतीला चिकटून उभी राहिली. मग कान मागे टाकून, माझ्यावर उपकार केल्यासारखी खायला लागली. पुढे पुढे मशीन चालू झालं की तिच्या तोंडाला पाणी सुटू लागलं. त्यानंतर अंगाला त्या थरथरीची सवय करायची. त्यासाठी मी बाबांचं दाढीचं मशीन उचलून आणलं आणि रोज तिच्या मानेवरून फिरवलं. खुंट वाढल्यावर बाबांनी विचारलं की मशीन कुठे आहे. मी म्हटलं, ठिपकीकडे आहे. ते म्हणाले, तिचं झालं की पाठव. घोड्यांच्या बाबतीत बाबांना अपमान वाटत नाही.

भादरायच्या दिवशी मी तिला खरारा करून अंगातली सगळी धूळ काढली आणि डाव्या खांद्यापासून सुरुवात केली. पातं केसांच्या उलट्या दिशेने चालवायचं, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, आणि मधूनमधून पातं आपल्या गालाला लावून बघायचं की तापलं तर नाही ना. तापलेलं पातं एकदा टेकलं की ते घोडं जन्मात पुन्हा जवळ येऊ देत नाही. कोपरामागच्या घडीत ठिपकीला गुदगुल्या झाल्या. तिने माझा पाय तुडवला, मी तिला जे म्हणायचं ते म्हटलं, आणि आम्ही पुढे गेलो. जेवायच्या वेळेपर्यंत डावी बाजू मानेपासून शेपटीपर्यंत साफ झाली. केसांखालून तिचा रंगच वेगळा निघाला, करडा. खाली जमिनीवर केसांचा जो ढीग पडला त्यात आणखी एक लहानसं घोडं बसलं असतं.

आणि तिथे पातं ओढायला लागलं. बोथट पातं केस कापत नाही, उपटतं. मी ताबडतोब थांबले. हा माझा त्या हिवाळ्यातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता आणि पुढचा सगळा गोंधळ त्याच्यातूनच झाला. मशीन जुनं, त्याचं पातं आता दुकानात मिळत नाही, आहे त्यालाच धार लावून लावून वापरायचं. असल्या पात्यांना धार लावणारा एकच माणूस, आणि तो दुकानाला कुलूप घालून सासुरवाडीला गेलेला. शेजारचा दुकानदार म्हणाला, येईल. कधी येईल ते बहुधा त्याच्या सासूलाही माहीत नव्हतं.

तर ठिपकी अर्धी राहिली. डावीकडून करडी, गुळगुळीत आणि सडपातळ. उजवीकडून तपकिरी, झिपरी आणि गोलमटोल. समोरून बघितलं तर दोन वेगळ्या घोड्या घाईघाईत एकत्र शिवल्यासारख्या दिसायच्या. पागेत मी तिच्या अंगावर झूल घालायचे, पण दिवसा अंगणात सोडताना काढून ठेवायचे, कारण केसाळ बाजूने ती झुलीखाली घामाघूम व्हायची.

अंगणात आली की ठिपकी ठरलेल्या जागी जाऊन उभी राहायची, डावी बाजू उन्हाकडे करून. जिकडे अंगावर काही नाही तिकडून ऊन खायचं, एवढी अक्कल तिला होती. आमच्याकडे हिवाळ्यातलं ऊन बैठ्या स्वयंपाकघराच्या छपरावरून अंगणात उतरतं. समोरच्या बाजूला घराचा दुमजली भाग आहे आणि तिथे वर बाबांची खोली. म्हणजे ठिपकीची डावी बाजू दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे असायची आणि उजवी बाबांच्या खिडकीकडे. यात काही विशेष आहे असं मला वाटलं नाही. मी दिवसभर घोड्यांच्या चारी बाजूंनी फिरत असते. एखाद्या घोडीला कुणी रोज एकाच बाजूने बघत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पहिला निरोप वरून आला. बाबा म्हणाले की घोडी सुटत चालली आहे, पोट बघ तिचं, चंदी कमी कर. शिवाय भादरायचं काय झालं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, पातं धारेला द्यायचंय पण धारवाला गावाला गेलाय. ते म्हणाले, तो कायम गावालाच असतो. मी चंदी कमी केली.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या अर्ध्या दाराच्या फळीवर एक झाकलेलं पातेलं आलं. आत शिजवलेलं जवस, कोंडा आणि वर गाजराचे तुकडे. आई माझ्याकडे पाठ करून भांडी घासत होती. पोरीच्या बरगड्या इथून खिडकीतून मोजता येताहेत, म्हणाली. मी सांगितलं की बाबांनी तर उलट चंदी कमी करायला लावली आहे. तिने हातातलं भांडं जरा जोरात ठेवलं. मग म्हणाली, "मी कुणाला खाऊ घालत नाहीये. पातेलं ठेवलंय. न्यायचं असेल तर ने."

मी नेलं. दोघांचंही ऐकायचं ही माझी पद्धतच आहे. सकाळी बाबांसाठी चंदी कमी करायची, संध्याकाळी आईसाठी पातेलं न्यायचं. घोडीच्या पोटात जायचं तेवढं जातं आणि घरात शांतता राहते. अडचण एवढीच झाली की दोघंही खिडकीतून निकाल बघत होते. बाबांना दिसायचं की चंदी कमी करूनही पोट जागच्या जागी आहे, म्हणून ते आणखी कमी करायला सांगायचे. मग म्हणाले वैरणही तोलून घाल. आईला दिसायचं की एवढं देऊनही पोरीच्या अंगाला लागत नाही. तिने पातेलं बदलून टोप घेतला. ठिपकीला यातलं जे पुढ्यात येत होतं तेवढंच कळत असावं, कारण ती मजेत होती आणि संध्याकाळी टोपाचा आवाज आला की पागेतून खिंकाळायची.

आयुष्यभर घोड्यांत राहिलेल्या दोन माणसांना एकच जनावर इतकं वेगळं कसं दिसतं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. आमच्या घरात एकाने पूर्व म्हटलं की दुसऱ्याने पश्चिम म्हणायचं ही रीतच झाली होती. मला वाटलं, हे दोघं ठिपकीबद्दल बोलतच नाहीयेत, म्हातारीबद्दल बोलताहेत. मी आपली रोज तिच्या अंगावरून हात फिरवत होते. घोड्याच्या बरगड्या डोळ्यांना दिसल्या नाहीत तरी चालतं, पण हाताला लागल्या पाहिजेत, आणि ठिपकीच्या लागत होत्या. घोडी उत्तम आहे असं मी वर सांगितलं आणि खालीही सांगितलं. तुला काय कळतंय, असं दोन्हीकडून उत्तर आलं. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत होतं.

मग एका संध्याकाळी बाबांनी मला टोप नेताना बघितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही काही बोलले नाहीत, ना चहाबद्दल, ना चंदीबद्दल. वरून येणारे निरोप बंद झाले तशी आई अस्वस्थ झाली. दोनतीनदा तिने मला उगाच विचारलं, वरती सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, वर जाऊन बघ. तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी अंगणात ठिपकीचे खूर साफ करताना, तिचा पुढचा डावा खूर मला गरम लागला.

मी उजवा धरून बघितला. गार होता. पुन्हा डावा धरला. गरमच होता. मी तो पाय खाली ठेवला आणि तिथेच मातीत बसले. म्हातारीचंही असंच सुरू झालं होतं, एका खुरापासून. मला एवढी भीती वाटली की उठून फोनपर्यंत जायला वेळ लागला. डॉक्टर बाहेरगावी होते, उद्या दुपारी येतो म्हणाले, तोवर चंदी बंद ठेवा, नुसती वैरण घाला.

दोघांना सांगणं भाग होतं. आधी वर गेले. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "धाकट्याला फोन कर. गाडी पाठव म्हणावं. उद्या डॉक्टरांनी चालण्याजोगी आहे म्हटलं तर परवाच तिला तिकडे हलव. या घरात राहिली तर हीसुद्धा जाणार. मला पुन्हा ते बघायचं नाही."

खाली आले तर आई बंद शेगडीसमोर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आमच्याकडे जिन्यात बोललेलं सगळ्यांनाच ऐकू येतं. ती भडकेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "जाऊ दे तिला. बरोबर बोलताहेत ते. माझ्या हातालाच काहीतरी आहे."

आईने बाबांना बरोबर म्हटलेलं मी कैक वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकलं तेव्हा मला ते मुळीच आवडलं नाही. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. तिने टोप घासून पुसून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथे तिचा स्वतःचाही हात स्टुलाशिवाय पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मनाने चांगला माणूस, पण म्हातारीच्या त्या दिवसापासून आमच्याकडे यायचं म्हटलं की ते गाडी फाटकाकडे तोंड करूनच लावतात. ठिपकी अंगणात नेहमीच्या जागी ऊन खात उभी होती. वर खिडकीत बाबा होते. आई अर्ध्या दारामागे, दिसेल न दिसेल अशी. डॉक्टर घोडीभोवती एक चक्कर मारून आले, थांबले, उलटी चक्कर मारून आले, आणि ही कुठली नवीन फॅशन म्हणून मला विचारलं. मी पात्याची हकीकत सांगितली. त्यांनी मान हलवली आणि पाय उचलला.

त्यांनी खूर दोन्ही हातांत धरला, खुराच्या वर बोटं ठेवून नाडी बघितली, चिमट्याने तळवा जागोजागी दाबला. ठिपकीने त्यांच्या टोपीचा वास घेतला. त्यांनी तिला चालवायला सांगितलं, वळवायला सांगितलं, ती चालली आणि वळली. मग ते तसेच उकिडवे बसून एकदा खुराकडे आणि एकदा छपरावरच्या उन्हाकडे बघत राहिले. ही रोज इथेच उभी असते का, म्हणाले. मी म्हटलं हो. याच बाजूने? म्हटलं हो, भादरलेल्या बाजूने थंडी वाजते ना तिला.

"काळा खूर आहे," डॉक्टर म्हणाले. "दिवसभर उन्हात ठेवल्यावर तापेल नाही तर काय होईल? माझ्या गाडीचा टपसुद्धा तापतो. मी त्याला औषध देत नाही. उलटी उभी करा हिला, पाय सावलीत येऊ दे, थोड्या वेळाने बघू."

मी ठिपकीला धरून उलटी फिरवली. तिला ते पसंत नव्हतं, पण फिरली. झिपरी बाजू स्वयंपाकघराकडे गेली आणि भादरलेली बाबांकडे.

"ही भादरली कधी?" वरून बाबा म्हणाले.

"हिला भादरलं नव्हतं?" आई दारातून म्हणाली.

दोघंही एकदमच बोलले. डॉक्टरांनी वर बघितलं, मग दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, अर्धी भादरलीये, डावीकडची, एवढे दिवस झाले. माझं वाक्य संपेपर्यंत बाबा खिडकीत नव्हते. जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, दर पायरीवर थांबत. आईने अर्ध्या दाराची कडी काढली. ती कडी वर्षभर कुणी काढली नव्हती, जोर लावावा लागला.

दोघं अंगणात आले आणि घोडीच्या दोन बाजूंना उभे राहिले. मग बाबा पुढून फिरून तिच्या उजवीकडे आले, तेव्हा आई मागून फिरून डावीकडे गेली. एकमेकांसमोर यायचं टाळत दोघांनी ठिपकीला दोन प्रदक्षिणा घातल्या. डॉक्टर मला हळूच विचारत होते की नक्की काय चाललंय. मी म्हटलं, कळेल.

बाबा भादरलेल्या बाजूला थांबले. एवढे दिवस ते चंदी तोडत होते आणि इथे बरगड्यांची सावली दिसत होती. त्यांनी तिच्या कुशीवर हात ठेवला. माशी बसल्यावर थरथरते तशी ठिपकीची कातडी तिथे थरथरली, आणि थांबेना. मग आम्हाला दिसलं की कातडी नाही, हात थरथरतोय. नुसता थकव्याने नव्हे. बोटं आपापल्या मर्जीने हलत होती. मी रोज त्यांच्याकडे ट्रे न्यायचे, ते टेबलावर ठेवायला सांगायचे, आणि मी ठेवून यायचे. हात मी कधी बघितलाच नव्हता.

आई घोडीच्या पाठीवरून त्या हाताकडे बघत होती. तिची स्वतःची बोटं समोरच्या बाजूच्या केसांत बुडालेली होती.

"म्हातारीला त्या हिवाळ्यात भादरलं नव्हतं," ती म्हणाली.

मलाही तेव्हाच आठवलं. बाबा म्हणाले होते, तिचं वय झालं, तिला आता काम नाही, असू देत अंगावर ऊब. आम्हा सगळ्यांना ते मायेचं वाटलं होतं. म्हातारी तो सगळा हिवाळा केसांच्या गादीत गुंडाळलेली होती, आणि आत चरबी चढत गेली ती ना खाऊ घालणाऱ्या आईला दिसली ना कुणाला. भादरली असती तर पहिल्या दिवशी दिसलं असतं. आईने तिचं खाणं तेव्हाच आवरलं असतं. आईला घोडं वाचता येतं, पण पान उघडं असावं लागतं.

"हात चालत नव्हता," बाबा म्हणाले. "मशीन धरलं तर तिला कापली असती मी."

"मग सांगायचं."

"काय सांगायचं?"

"हेच. हात चालत नाही म्हणून." आई त्यांच्याकडे सरळ बघत होती. "मला ते वाक्य तुम्ही डॉक्टरांसमोर बोललात. डॉक्टर इथेच आहेत."

डॉक्टर आपली बॅग बंद करण्यात गढून गेले होते. त्या बॅगेला एकच खटका आहे आणि तो केव्हाच लागला होता. बाबांनी हात घोडीच्या अंगावरून काढला, खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "म्हातारीला हिने मारलं नाही. मी भादरली असती तर हिला दिसलं असतं. मी त्या दिवशी बोललो ते खोटं होतं." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. "आणि ते मला तेव्हाच माहीत होतं."

मला बाबांची दया आली आणि त्याच वेळी त्यांचा इतका राग आला की मी ठिपकीचं दावं घट्ट धरलं. आई आता रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही.

"वर्षभर," ती म्हणाली. "मी वर्षभर माझे हात बघत होते."

मग तिने बोलायला सुरुवात केली. त्या इंजेक्शनच्या दिवसापासून केली आणि काहीही गाळलं नाही. तिने कुठल्या जनावराला हाताने घास दिला नाही ते सांगितलं, पागेतले आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून ती कुठल्या खोलीत जाऊन बसायची ते सांगितलं, घोडी पुन्हा आपल्यामुळे मरतेय असं कालपासून वाटत होतं तेव्हा काय वाटत होतं ते सांगितलं. आवाज चढला, अंगणापलीकडच्या शेजाऱ्यांचं दार उघडलं, तरी ती थांबली नाही. बाबा उन्हात, टोपीशिवाय, दुखऱ्या गुडघ्यांवर उभे होते. मी त्यांच्यासाठी पागेतलं स्टूल आणून ठेवलं. ते बसले नाहीत.

डॉक्टरांनी खूर पुन्हा एकदा बघितला, गार झाला होता. घोडी चांगली आहे, कुठेही पाठवायची गरज नाही, चंदी पहिल्यासारखी सुरू करा, टोप बंद, असं त्यांनी मला हलक्या आवाजात सांगितलं. मी धाकट्याला फोन करून काल मागितलेली गाडी आता नको म्हणून कळवलं, त्याने कारण विचारलं, मी म्हटलं नंतर सांगते. मग डॉक्टरांना फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथून वळून बघितलं तेव्हा आई अजून बोलत होती, आणि बाबा जागचे हलले नव्हते.